अठरा सदरे, सोमवारी

सोमवारी मागच्या दाराशी गाठोडं यायचं:
अठरा सदरे, अठरा विजारी,
आणि वर, वेगळ्या कागदात गुंडाळलेला
ॲम्ब्रोझ पेटिफर्डचा पांढरा कोट.
सदऱ्यांना केंटकीची लाल माती,
कोटाला जिन, सिगार, कुणाची तरी पावडर.
दोन्ही एका पाण्यात मी कधी घातले नाहीत.
का गं ओटिली, त्याने एकदा विचारलं.
म्हटलं, माती निघते. तुझं काय ते मला माहीत नाही.
इतका हसला, की सोन्याचा दात दिसला.

बाप घोड्यांना नाल ठोकायचा.
ह्याने उसन्या पियानोवर तळघरात क्लब काढला,
ब्लू हेरॉन. पहाटे तीनपर्यंत ट्रंपेट,
आणि तांबडं फुटता फुटता
गल्ल्यातल्या ओलसर नोटा मोजून
बसच्या टायरांचे पैसे बाजूला.
डेटनमध्ये तेव्हा रात्र दिवसाला पोसत होती.

गोऱ्यांच्या मैदानाचं भाडं हाच भरायचा,
न्हाणीघराला मात्र कुलूप.
पोरं घामट अंगानं तशीच बसमध्ये.
तिसऱ्या उन्हाळ्यात म्हणाला, पुरे.
नदीकाठची वीटभट्टी घेतली,
तिच्याच विटांचं मैदान बांधलं,
आणि उद्घाटनाला महापौरांना
आधी दाखवलं काय, तर न्हाणीघर.
बारा तोट्या. एकेक सोडून दाखवली.
त्या दिवशी सामना संपल्यावर
पिचर अल्फियस व्हीझी तासभर बाहेरच येईना.

मग ती माणसं आली, हॅट हातात धरून,
गोड बोलत. व्हीझीला नेलं.
शॉर्टस्टॉपला नेलं.
करार नाही, छदाम नाही.
पेटिफर्ड स्टेशनवर गेला,
व्हीझीच्या हातात नवी सुटकेस दिली.
लोक म्हणाले, केवढं मन!
त्या सोमवारी कोटाच्या खिशात
मला क्लबचा कागदी रुमाल सापडला:
आकडे. खोडलेले, पुन्हा मांडलेले,
पुन्हा खोडलेले.

रविवारी आमचेच लोक
आगगाडीने सिनसिनाटीला जायचे, व्हीझीला बघायला.
मीही गेले. खोटं कशाला बोलू?
टोपी उडवून ओरडले सुद्धा.

गाठोडं लहान होत गेलं.
चौदा. अकरा.
एका सोमवारी नुसता कोट.
धुतला, इस्त्री केली, पैसे मागितले नाहीत.
त्याने मोजले,
अठरा सदऱ्यांचे.

मैदानावर आता घरं आहेत.
न्हाणीघर पाडलं तेव्हा मी एक तोटी उचलून आणली,
मागच्या दाराशी बसवली.
जरा गळते.