चौकटची दुर्री

डावीकडच्या लेनवर पांढरी चौकट काढलेली असते,
पत्त्यांतली असते तशीच, फक्त लांब ओढलेली,
वेगात असलो की बरोबर दिसणारी.
तिथे एकट्याला मज्जाव.
दंडाचा आकडा पाटीवर. तेवढ्यात माझा महिन्याचा किराणा येतो.
हा एकच डाव मी पाहिला
ज्यात दुर्री एक्क्याला मारते.

ती दुर्री मी.

युलालियाची पाळी दुपारी दोनची, हॉस्पिटलच्या धोबीखान्यात.
एकला ती ग्लेनडेलच्या आमच्या इमारतीखाली हॉर्न द्यायची
आणि मी, वाहान, वय एकाहत्तर, लिफ्टचा निवृत्त मेकॅनिक,
आधी गुडघे, मग उरलेला मी, असा गाडीत शिरायचो.
माझं काम दिसणं.
पोलिसाला काचेतून दुसरं डोकं दिसलं की झालं.
टोपी नको, ती म्हणायची, टोपी घातली की सीटची उशी वाटता.
परत येताना दोन बस, दीड तास.
मुलगी फोनवर विचारायची, कशासाठी, बाबा?
मी म्हणायचो, पाय मोकळे करायला.
बसून? ती म्हणायची.

अकरा मैल.
तिचं इंग्रजी ग्वाटेमालातून आलेलं, माझं येरेवानहून,
मधल्या खड्ड्यांवर आम्ही हात टाकायचो.
चादर नुसती उचलूनच तिला वॉर्ड कळतो, ती सांगायची,
आणि मी सांगायचो, लिफ्टमध्ये अडकलेला माणूस
आधी ओरडत नाही,
आधी घड्याळ बघतो.

मार्चमध्ये सुनावणी झाली. प्रत्येकाला तीन मिनिटं.
मी इस्त्रीचा शर्ट घालून कागद वाचला:
अध्यक्षबाई, दुपारी ती लेन ओस पडते
आणि शेजारी चार लेनी उन्हात रटरटतात.
सकाळी पाच ते नऊ, संध्याकाळी तीन ते सात,
तेवढा वेळ मोजा डोकी.
बाकीच्या वेळी एकट्याला जाऊ द्या.
एकटं असणं हा काही गुन्हा नाही.
टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेतून युलालियाने
दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली.

माझ्यानंतर एक पोरगी उठली,
सायकलचं हेल्मेट काखेत. म्हणाली,
मोकळी सोडलीत की भरेल.
आणि मग कोण कुणाला विचारणार आहे, येतोस का म्हणून?
मला ती आगाऊ वाटली.

सप्टेंबरात जुन्या पाट्यांखाली नव्या वेळा ठोकल्या.

युलालियाचं काही चुकलं नाही.
आदल्या रात्री तिनं फोन केला:
आता तुम्हाला ताप नको, त्या दोन बस, तो गुडघा.
अगं, बरंच झालं, मी म्हणालो,
जिंकलो की आपण.
तरी सोमवारी एकला मी पायरीवर होतो,
केस विंचरून, बोडका.
कुठल्या कुठल्या गाड्यांचे हॉर्न वाजले.

गुरुवारी मी पादचारी पुलावर चढलो.
चौऱ्याऐंशी पायऱ्या, मधे दोनदा थांबून.
जाळीत बोटं अडकवून उभा राहिलो.
तिची गाडी चुकायची नाही, करडी, एक दार हिरवं.
एक वाजून पंधरा मिनिटांनी आली,
डावीकडून, चौकटींवरून, काय छान पळत होती.
माझ्या जागेवर तिची गणवेशाची थैली.
ती थैली जड. पट्टा लावला नाही
तर गाडी टिंगटिंग करून डोकं उठवते, मला माहीत आहे.
पट्टा लावलेला होता.
इतक्या वरून कसा दिसला, विचारू नका.
दिसला.

मग पुलाखाली गेली, आणि दुसऱ्या बाजूला
मला वळायला वेळ लागला.

तीन वाजायला पावणेदोन तास होते.
मी खिशातून टोपी काढून घातली.