बनावट

निवतीच्या बंदरात, गिरपांच्या पडवीत
जाळ्यांच्या ढिगाशेजारी त्यांनी ती ठेवली,
जुन्या लुंगीत गुंडाळलेली.
लुंगीला सुक्या बांगड्याचा वास.

"फिरंग असा," भिकाजी म्हणाले.
"गोऱ्या कप्तानाची. आमच्या खापरपणज्यान
गलबतार चढान काढून घेतलेली.
दसऱ्याक पुजतंव. बाकी काय ता तुमी सांगा."

मी आधी पात्याकडे बघत नाही.
मूठ बघते. मूठ बहुतेक इथलीच असते:
वर चकती, पोटात राळ,
बोटांच्या जागी चार पिढ्यांची चकाकी.
पाती तेवढी जहाजातून यायची,
मुठीवाचून, गोणपाटात बांधलेली,
आता होड्यांना जपानी इंजिनं येतात तशी.

मग पातं.
तीन खोबणी, मधली लांब.
मुठीपासून टोकापर्यंत दर चार बोटांवर जाडी मोजली.
आणि मधल्या खोबणीशी,
जिथे असायला हवा तिथेच,
धावता लांडगा.
छिन्नीचे सात-आठ घाव, त्यांत पितळ भरलेलं.

ह्या लांडग्याला मी ओळखते.
दूरच्या एका नदीकाठच्या लोहारांचा तो,
मग शेजारच्या गावाने उचललेला,
मग ज्याला ज्याला पातं खपवायचं होतं त्याचा.
कधी तीन पायांचा, कधी पाच,
घाईत ठोकलेला,
शेपूट मात्र आडवी, काठीसारखी.

ह्याची शेपूट वर वळलेली.
एक कान उभा, एक पडका.
भिंगाखाली किती वेळ बघत राहिले.
मान दुखली म्हणून वर पाहिलं तर अंगणात
वाळत घातलेल्या तारल्यांभोवती
एक पिवळं कुत्रं, शेपूट तश्शीच वळवून,
कावळ्यांवर धावत होतं.

कोणा लोहाराला कोणीतरी सांगितलं असेल,
जनावर काढ रे, धावणारं,
त्याशिवाय गिऱ्हाईक हात लावत नाही.
लांडगा त्याने कुठे बघितला असणार?
त्याने दारातलं काढलं.

पातं वाईट नाही.
गुडघ्यावर वाकवलं, सोडलं. सरळ झालं.

भिकाजींनी चहा आणला.
"काय तां? खरी मां?"

तक्त्यात लांबी भरली. वजन भरलं.
काळापुढे "अंदाजे",
आणि दोन शतकांच्या मध्ये एक आडवी रेघ,
जिच्यात माझं सगळं अज्ञान मावतं.
पुढचा रकाना छापील: बनावट.
छापणाऱ्याला दोन्ही अर्थ माहीत असावेत.
पेन थोडं थांबलं.
मग लिहिलं: इथली.

त्यांनी चष्मा शोधून वाचलं. दोनदा.
"इथली म्हंजे?"

मी भिंग त्यांच्या हातात दिलं,
बोटाने जागा दाखवली.
"हा बघा, तुमच्या कुत्र्याचा खापरपणजा."

चहावर साय धरली.
ते वाकलेलेच होते, पात्यावर नाक टेकेल इतके,
काही बोलले नाहीत.
मग अंगणाकडे तोंड करून
त्यांनी हळूच शीळ घातली.