धारोष्ण

रात्री साडेदहाला गंगावेशीत
म्हैस येते, मागून मल्लू.
शटरं खाली, कट्टा जागा.
चरवीत धार वाजते,
पेला फेसासकट हातात येतो.
भाव फळ्यावर नाही.
गिऱ्हाईक बघतं सड, मल्लू बघतो गिऱ्हाईक,
आणि जमतं.
नाही जमलं तर चार पावलांवर दुसरी म्हैस आहेच,
तिच्या मालकाशी मल्लूचं तीन वर्षं बोलणं नाही.
गेल्या पावसाळ्यात एकाचं पोट बिघडलं
तर आख्खी पेठ महिनाभर
मल्लूकडं पाठ करून उभी.

परवा नोटीस आली.
परवाना, ओट्याला फरशी, कासेचा दाखला,
दर दर्शनी भागात, म्हशीला बिल्ला.
मल्लूनं ती उलटी धरून बघितली, सुलटी धरून बघितली,
म्हणाला, "म्हशीला वाचून दाखवतो.
सही तिचीच लागणार न्हवं?"

हसलो सगळे.
तेवढ्यात कोपऱ्यावरनं स्कूटर आली,
नोटिशीखालची सही स्वतः खाली उतरली,
मफलर कानावर ओढून म्हणाली,
"अर्धा लिटर. पाण्याचा हात लावू नको."
"साहेब, दाखला?"
"समोर पिळतोयस की."

टाळी द्यायला मी हात उचलला होता.
पण मल्लूच पेला विसळत पुटपुटला,
"पेंडीचं पोतं दोन हजारावर गेलं.
सरकारनं काय तरी बघाय पायजे राव."

म्हशीनं शेपूट हाणलं.
कुणाला, ते अंधारात
कळलं नाही.