ढील

सोहारच्या ऑफिसात एसी इतका, की जूनमध्ये शाल.
काचेपलीकडे कंटेनर, त्यापलीकडे समुद्र,
तापल्या पितळेच्या परातीसारखा.
माझ्यापुढे अकरा डायलिसिस केंद्रं
आणि वाटून द्यायचे सव्वीस तंत्रज्ञ.

या गणिताची एक गोष्ट मला आवडते.
प्रत्येक केंद्राला ते आपापली वजनं निवडू देतं.
म्हणतं, तुझं जे बरं असेल तेच मोठं करून दाखव,
तुझ्याच उजेडात मोजेन तुला.
एवढी मुभा मला कुठल्या परीक्षेत मिळाली नाही,
कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांत तर नाहीच.

तरी यन्कुल शून्य पूर्णांक एकसष्ट.
वजनं कशीही फिरवा, एकसष्ट.
मग गणित त्याच्याशेजारी एक जुळं उभं करतं,
सत्तर टक्के शिनास, तीस टक्के सहम,
कुठल्याच नकाशात नसलेलं,
कधी रजा न मागणारं,
आणि यन्कुलला सांगतं: असं व्हा. दोन माणसं परत करा.

हमूदसाहेब म्हणाले, लक्ष्यं छापून घ्या, गुरुवारी बैठक आहे.

मी झुवैनाला फोन लावला. यन्कुलची नर्स.
तिनं आधी विचारलं, एकसष्ट म्हणजे पास ना?
मग म्हणाली, सईद बिन मत्तर डोंगरातून येतो, सोमवारी.
वादीला पाणी आलं तर मंगळवारी.
एक यंत्र त्याच्यासाठी रिकामं असतं.
रिकामं म्हणजे मांडून ठेवलेलं.
नळ्या लावून.

तक्त्यात त्या यंत्राचं नाव ढील.
वापरात नसलेलं, कापता येण्याजोगं.

येवल्याला संक्रांतीत, आमच्या गच्चीवर,
दादा ओरडायचा, अगं ढील दे, ढील!
आसारी माझ्या हातात. मी घाबरून घट्ट धरायची,
आणि तिथंच पतंग कटायचा.

रात्री मी एक रकाना वाढवला: रस्त्याचे किलोमीटर.
एकसष्टचे ऐंशी झाले. शंभर काही झाले नाहीत.
यन्कुलचा एकच माणूस गेला, दोन नाही.
पण सव्वीस ते सव्वीसच,
दुसरा सहममधून काढावा लागला.

सहम किनाऱ्यावर आहे, रस्ता सरळ, आकडे चांगले.
त्यांचाही कुणी सईद असेल.
मी फोन केलेला नाही.