कोल्ड स्टार्ट

तासगावच्या कोल्ड स्टोरेजात, चार नंबर चेंबरच्या बाहेर
माझं टेबल. टेबलावर जुना लॅपटॉप, त्यात लिनक्स,
आणि बेदाण्याच्या आवक-जावकीचा मीच लिहिलेला प्रोग्रॅम,
सीलबंद खोक्यात भरलेला:
त्याने मशीनमधल्या कशाला हात लावायचा नाही,
त्याला कुणी लावायचा नाही.

सकाळचा पहिला क्लिक.
चौदा सेकंद.
नेमगोंडा पाटील काउंटरवर गाडीची किल्ली वाजवतात.
"तांबोळीबाई, आतनं कडी काढाय कोण हाय का न्हाई?"

रात्री लॉग वाचला, ओळ न् ओळ.
चूक माझ्या कोडची नव्हती, निदान सगळी नव्हती.
खोकं इतकं दाबून भरलेलं
की एक चिठ्ठी काढायला अख्खा थर सोडवावा लागे.
त्यात बाहेरची अक्षरं आतल्याला दिसत नाहीत,
म्हणून रोज उठून तो सगळे फॉन्ट पहिल्यापासून मोजायचा,
काल मोजलेत हे विसरून.

शामू ऐवळेंना यातलं काही सांगितलं नव्हतं.
ते पंधरा किलोच्या बॉक्सला पट्टी मारत
नव्या पोराला म्हणत होते,
"गुडघा दिऊन दाबू नगंस. जागा वाचती, खरं ढेकूळ हुतंय.
सौद्याला ताटात वतायचं असतंय ते."

मी सैल दाबणारी पद्धत घेतली.
अठ्ठ्याऐंशी एमबीचं खोकं एकशे चाळीसचं झालं.
होऊ दे.
फॉन्टची मोजदाद एकदाच करून आत ठेवली.
भिंतीला भोक पाडायचा मोह झाला होता, कबूल करते.
पाडलं नाही.
चौदाचे नऊ. मग सहा.
मग एका मंगळवारी सव्वातीन, आणि तिथेच अडलं.

पहिल्या उघडण्याला कोल्ड स्टार्ट म्हणतात, असं पाटलांना सांगितलं.
ते चेंबरच्या दाराकडे बघून म्हणाले,
"मग हितं दुसरं काय मिळणार?"

आज त्यांची किल्ली खिशातून निघायच्या आत खिडकी उघडली.
"रात्री बंदच केलं नसशील."
केलं होतं.
"परत करून दाव."

मशीन बंद करून पुन्हा लावलं.
ते उठायला सव्वा मिनिट लागलं.
तेवढा वेळ पाटील मोबाइलचं घड्याळ धरून उभे,
किल्ली न वाजवता.