झाकण

सातपूरला, बॅटरीच्या दुकानावरच्या खोलीत
चार जुने कॉम्प्युटर एकमेकांना बांधून
मी पृथ्वी चालवते.

पृथ्वी म्हणजे एक लांबट चौकट.
तळाला आच, वर गारवा,
मधे पंचवीस हजार घरांची जाळी.
एक पाऊल टाकलं की दहा हजार वर्षं.
चहा निवेपर्यंत वीसेक लाख निघून जातात,
आणि दुकानदार खालून विचारतो,
ताई, पंखा आहे की गिरणी?

तळातून लाल खांब उठतो,
वर येऊन आळंबीसारखा पसरतो.
पातळ यात काहीच नाही. सगळा दगड, घट्ट,
तरी वर्षाला बोटभर वाहणारा.

फक्त वरचं झाकण हलत नाही.
तीन महिने झाले. निळं, जाड, अखंड,
खाली एवढी उलथापालथ
आणि वर दातखीळ.
घट्टपणा कमी केला की सगळ्याची खीर.
वाढवला की आकडेच फुटतात,
पडद्यावर लिहून येतं: ही संख्या नाही.

खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो.
साडेसहा कोटी वर्षांमागे थरावर थर सांडलेला.
तेव्हाही खाली असाच लाल खांब होता म्हणतात.
मग तो इतका निवला
की भिक्खूंनी आत बाकं कोरली, बसायला.

डबा द्यायला वडील आले.
निवृत्ती गांगुर्डे, बोअरवाले.
दिंडोरीपासून निफाडपर्यंत
दोन हजार भोकं पाडलेला माणूस.
चपला काढून पडद्यासमोर उभे राहिले.
"वर काय अडलंय?"
"सुटत नाहीये."
"पाणी धरलंय का त्यात?"

त्यांची वही मला पाठ आहे.
वीस फूट, मुरूम.
पंच्याऐंशी, काळा. बिट गेलं.
एकशे दहा, मांजऱ्या. ओल.
एकशे बत्तीस, गेरू.
गेरू म्हणजे एक लाव्हा निवून
दुसरा यायच्या आधी
जेवढी माती होऊन घेतली तेवढी.
पैसे बाकी, असंही मधेमधे लिहिलंय.

"कोरडा काळा दाद देत नाही,"
डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवत म्हणाले,
"ओल शिरली की सोडतो."

रात्री मी एकच ओळ बदलली:
खडकानं किती ताण सोसायचा, मग मोडायचं.
आकडा खाली आणला. कारण म्हणून शेजारी लिहिलं, पाणी.

अडीचच्या सुमारास
डावीकडे झाकणाला वाक आला,
वाकाला चीर,
आणि निळा काठ मान घालून
हळूच तापलेल्या अंधारात उतरू लागला.
मी खुर्ची मागे सारली, तेवढ्या वेळात
एक समुद्र मिटत आला.

फोन लावला. ते पिंपळगावला, गाडीवर,
मागे कंप्रेसरचा धडधडाट.
"सुटलं," मी ओरडले.
"कितीवर?"
हिशेब केला. "सव्वातीन लाख फूट."

बराच वेळ नुसता कंप्रेसर.
मग म्हणाले,
"केसिंग पुरलं का गं?"