तिसरा आकडा

म्हापशाला, कोर्टासमोर, झेरॉक्सवाल्याच्या माडीवर
मी एकच ईमेल तिसऱ्यांदा बाहेर काढतो.

मजकूर तोच:
‘बार्ज भरली. वजन उद्या कळवतो. दुर्गादास.’
हॅश मात्र तिसराच.

"कोणी हात लावला?" फिलोमेना वकीलबाई विचारतात.
कोणी नाही, बाई.
काढता काढता यंत्रानेच आजची वेळ
आत कुठेतरी टिपली,
दोन भागांमधल्या रेषेला नवं नाव दिलं.
हॅशला वाचता येत नाही,
तो शिक्क्याची शाईसुद्धा मोजतो.
रजिस्ट्रारकडची नक्कल नाही का,
दरवेळी तारीख नवी?

"मग मूळ कुठलं?"

दुर्गादास गेल्या चवथीआधी वारला.
वजन कळवायचं राहिलंच.

पहिल्या फाइलची चौसष्ट अक्षरं
मी वहीत हाताने उतरवतो,
बाईंची सही घेतो,
आणि चौथ्यांदा काढत नाही.